पेटीत काय होतं?

दोन भाऊ भांडत, धापा टाकत घरी येतात. आई दबक्या आवाजात सांगते, आरडाओरडा करू नका, बाबा झोपलेत. १२ वर्षांनी परतलेल्या बापाची प्रस्तावना एवढीच. पोरं खोलीच्या दारातून त्याला बघतात आणि माळ्यावर पळतात. तिथे एका जुन्या पुस्तकात ठेवलेला फोटो काढून चेहरा ताडून बघतात. हो, हाच तो.

आंद्रेई झ्व्यागिन्त्सेव या रशियन दिग्दर्शकाचा 'द रिटर्न' २००३ साली आला. हा त्याचा पहिलाच सिनेमा, आणि व्हेनिस महोत्सवात त्याला गोल्डन लायन मिळाला. गोष्ट एका आठवड्याची. बाप पोरांना गाडीत घालून मासेमारीला नेतो आणि शेवटी एका निर्जन बेटावर पोचवतो. (शेवटाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सिनेमा पाहायचा असेल, तर आधी पाहून या.)

थोरला आंद्रेई लगेच 'पापा' म्हणू लागतो. धाकट्या इव्हानच्या तोंडून तो शब्द निघत नाही. एवढी वर्षं कुठे होतास, आता का आलास, हे त्याला विचारायचंय. बाप उत्तर देत नाही, हुकूम देतो. इव्हान फारच कुरकुरतो म्हटल्यावर त्याला पुलावर उतरवून निघून जातो. पोरगं भर पावसात भिजत बसतं.

या बापाचा अर्थ लावायचा मोह समीक्षकांना आवरला नाही. झोपलेला बाप मांतेन्याच्या चित्रातल्या मृत ख्रिस्तासारखा दिसतो, हे खरंच आहे. पण त्याला देव म्हटलं, किंवा रशियातली जुनी सत्ता म्हटलं, की आपली सुटका होते. इव्हानची मात्र होत नाही. त्याला प्रतीक नकोय, बाप हवाय.

बेटावर बाप जमीन खणून एक पेटी काढतो आणि होडीत लपवतो. आता कळणार, असं वाटतं. पण ती पेटी आपल्यासमोर कधीच उघडत नाही. कोणी म्हणेल, ही फसवणूक झाली. मला वाटतं, यात प्रामाणिकपणा आहे. आपल्या बापांबद्दल तरी आपल्याला किती माहीत असतं? लग्नाआधी ते कोण होते, कशाला घाबरायचे, एखादं वर्ष गप्प का होते? एकाच घरात राहूनही बऱ्याच पेट्या बंदच राहतात.

होडी घेऊन गेलेली पोरं उशिरा परततात, म्हणून बाप आंद्रेईला मारतो. इव्हान चाकू उगारतो, मग पळत जाऊन उंच मनोऱ्यावर चढतो. सुरुवातीला पाण्यात उडी मारायला घाबरून मनोऱ्यावर अडकून बसलेला हाच मुलगा. तेव्हा आई वर आली होती. आता बाप चढतो, फळी निसटते आणि तो खाली पडून मरतो.

'बापाच्या मारानेच आम्ही घडलो' हे वाक्य आपण लग्नसमारंभांत, फॅमिली ग्रुपवर इतकं ऐकतो, की हा सिनेमाही कुणी तसाच वाचेल. वाचू नये. गाडी चिखलात रुतली, तेव्हा चाकाखाली फांद्या घालायला बापाने शिकवलं होतं. नंतर त्याचं प्रेत ओढून नेताना पोरं फांद्याच वापरतात. म्हणजे शिकवण हातांत उतरली, यात शंका नाही. पण त्याच बापाच्या माराने ते प्रेत ओढायची वेळ आणली, हेही सिनेमा लपवत नाही. तो दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवतो, हिशेब जुळवत नाही.

तक्रार आहे ती आईबद्दल. १२ वर्षं घर तिने ओढलं. नवऱ्याला परत घरात घेताना तिला काय वाटलं, हे विचारायची गरज सिनेमाला वाटत नाही. बापाचं मौन गूढ ठरतं, तिचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

किनाऱ्यावर आल्यावर होडी वाहत जाते आणि बाप, पेटी सगळं घेऊन बुडते. तेव्हा इव्हान 'पापा' म्हणून जिवाच्या आकांताने ओरडतो. नंतर गाडीत एक जुना फोटो सापडतो. त्यात आई आहे, लहानगी पोरं आहेत, बाप नाही. तेवढा एक कागद त्याने जपला होता. पोरांना मिळालेलं उत्तर एवढंच, आणि तेही त्याच्या मागे.