पहिल्या रडण्याचे अर्धे स्पष्टीकरण

‘बाळ जन्मताच रडते, फुप्फुसांत हवा शिरते आणि श्वसन सुरू होते.’ श्वसनाचा धडा शिकवताना हे वाक्य आपण सर्रास वापरतो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. त्यात रक्ताचा उल्लेखच नाही. फुप्फुसात हवा आली आणि रक्तच पोचले नाही, तर त्या ऑक्सिजनचा उपयोग काय?

गर्भाला ऑक्सिजन वारेतून मिळतो. त्याच्या फुप्फुसांत द्रव असतो व तेथील रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. त्यामुळे फुप्फुसांकडे निघालेले बहुतेक रक्त एका आडवाटेने, म्हणजे धमनी-नलिकेतून, महाधमनीत जाते. ही वाट उघडी ठेवते प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे स्थानिक संप्रेरक. त्यातले बरेचसे वारेतून येते.

प्रसूतीच्या सुमारास बाळाच्या शरीरात कॉर्टिसोल व अ‍ॅड्रेनलिन वाढतात आणि फुप्फुसांतील द्रव शोषला जाऊ लागतो. श्वासाबरोबर ऑक्सिजन वाढतो. नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायुरेणू व प्रोस्टासायक्लिन यांमुळे फुप्फुसातील रक्तवाहिन्या रुंदावतात. वारेशी संबंध तुटल्याने प्रोस्टाग्लँडिन घटते. उरलेल्याचा निचरा फुप्फुसे करतात. आडवाट बहुधा २-३ दिवसांत मिटते.

अर्ध्या स्पष्टीकरणाने नुकसान होते. रडणे हेच कारण मानले, की बाळाला उलटे धरून चापट्या मारणे शास्त्रीय वाटू लागते. खरी गरज असते बाळाला कोरडे करून ऊब देण्याची, पाठ हळुवार चोळण्याची. तरीही श्वास सुरू झाला नाही, तर पिशवी व मुखवट्याने तातडीने हवा देण्याची. गारठ्याने रक्तवाहिन्या पुन्हा आकसू शकतात. तसेच गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके घेतल्यास प्रोस्टाग्लँडिन घटून ही वाट गर्भातच अरुंद होण्याचा धोका असतो. हे उद्याच्या आईबापांना शाळेत नाही, तर कोठे कळणार?

‘मुलांना हे झेपणार नाही’ हा आक्षेप टिकत नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. तेथे अल्पशिक्षित, काही तर निरक्षर, स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. माता-बालकांची काळजी कारणांसह शिकल्या. मग दहावीच्या वर्गाला कारणे का नाकारावीत?

धड्यात एवढेच जोडावे: जन्मताना हवेची वाट उघडते, तशी रक्ताचीही वाट बदलते, आणि हा बदल घडवण्यात संप्रेरकांचा मोठा वाटा असतो.