निसर्गाधारित उपायांचे खर्च-लाभ विश्लेषण : पूर्व कोलकात्याच्या निमित्ताने काही आक्षेप

खर्च-लाभ विश्लेषण शिकताना तुम्हाला दोन रकाने दाखवले जातात. निसर्गाधारित उपायांना ही पद्धत लावली, की कोणत्या रकान्यात काय लिहायचे यावरच निकाल फिरतो. पद्धत येथेच कच्ची आहे, असे माझे मत आहे.

पूर्व कोलकात्याचे पाणथळ क्षेत्र घ्या. विस्तार सुमारे 12,500 हेक्टर. 2002 पासून रामसर यादीत. शहराचे सांडपाणी कालव्यांतून पूर्वेकडे वाहते आणि त्यातील काही भाग ‘भेरी’ म्हणजे मत्स्यतळ्यांत घेतला जातो. तळी उथळ, त्यामुळे ऊन आत पोहोचते. जिवाणू सेंद्रिय घाण कुजवतात, शेवाळ त्यांना प्राणवायू पुरवते आणि तेच शेवाळ पुढे माशांचे अन्न बनते. अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी 1980 च्या दशकात ही व्यवस्था अभ्यासून जगापुढे मांडली. भेरीवरच्या माणसांना ती अर्थातच आधीपासून ठाऊक होती.

हिच्या लाभाचे मोल कसे काढतात? नेहमीची वाट म्हणजे पर्यायी खर्च : एवढेच पाणी शुद्ध करणारे केंद्र बांधायला आणि चालवायला जितके पैसे लागतील, तितका लाभ. हिशेब सोपा आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले असते. भेरी बुजल्या, तर शहर ते केंद्र खरोखरच बांधेल, असे आपण मानून चालतो. बांधले नाही, तर नुकसान नदीचे आणि खालच्या गावांचे होते, आणि ते या आकड्यात कोठेच दिसत नाही.

आता खर्चाकडे या. येथे सर्वांत मोठी नोंद जमिनीच्या भावाची. हा भाव बहुधा शेजारच्या कोरड्या भूखंडांवरून लावतात. पण ते भूखंड कोरडे राहतात, याला एक कारण पावसाचे पाणी सामावून घेणारी ही सखल जमीनच आहे. सॉल्ट लेक ही वसाहतही अशीच पाणथळ जमीन भरून उभी राहिली. एक एकर विकताना बाजारभाव लावणे ठीक; सगळे क्षेत्र त्याच भावाने मोजणे मुळातच चूक.

वटावाच्या दराचेही पाहा. 30 वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांचे आजचे मूल्य 8 टक्के दराने सुमारे 10 रुपये येते, 3 टक्के दराने सुमारे 41. इमारतीचा नफा लवकर येतो, पाणथळीचा लाभ पिढ्यानपिढ्या पसरतो. म्हणजे दर निवडला की निम्मा वाद तेथेच मिटला. तरीही अहवालात हा दर बहुधा एखाद्या तळटीपेत सापडतो.

मजुरीचाही प्रश्न आहे. भेरीवरील मजुरी ‘खर्च’ म्हणून लिहिली जाते; मजुराच्या घरी तीच रक्कम उत्पन्न असते. एकूण बेरीज कोणाच्या ताटात काय पडले, हे सांगत नाही.

मात्र दुसऱ्या बाजूलाही सूट देऊ नका. ‘निसर्ग हे काम फुकट करतो’ असे लिहिणारे कालव्यांतील गाळ काढण्याचा खर्च सोडून देतात. चर्मोद्योगाच्या सांडपाण्यातील क्रोमियम कुजत नाही. ते गाळात साठते. मासळी शहराच्या बाजारात जाते, तेव्हा तिच्या नियमित तपासणीचा खर्चही याच वहीत यायला हवा. आणि कोलकात्याचा आकडा उचलून पुणे किंवा इंदूरच्या अहवालात चिकटवू नका : तेथे पूर्वेकडचा हा उतारही नाही आणि पिढीजात भेरी सांभाळणारे हातही नाहीत.

1992 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने या जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली. 2006 मध्ये राज्याने तिच्या संवर्धनासाठी स्वतंत्र कायदा केला. तो कायदा वाचताना गाळ उपसण्याची जबाबदारी कोणावर टाकली आहे, ते शोधा.