हार्डविक हॉल : दर्शनी भागाचे सत्यासत्य

वास्तूच्या बाह्य रूपाने तिच्या अंतर्रचनेची प्रामाणिक साक्ष दिली पाहिजे, हा निकष विसाव्या शतकातील वास्तुविचाराने विशेष रूढ केला. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील हार्डविक हॉल हे ग्रामीण प्रासादगृह या निकषावर तपासले असता मात्र सरळ उत्तर मिळत नाही.

श्रूझबरीची काउंटेस एलिझाबेथ हिने १५९० ते १५९७ या काळात ही वास्तू उभारली. तिच्या रचनेचे श्रेय सामान्यतः रॉबर्ट स्मिथसन याला दिले जाते. सहा मनोरे, त्यांच्या शिरोभागी कोरलेली काउंटेसची आद्याक्षरे आणि भिंतींना जवळजवळ झाकोळून टाकणाऱ्या प्रचंड खिडक्या ही तिची प्रथमदर्शनी वैशिष्ट्ये होत. काच महाग असलेल्या त्या काळात या खिडक्या म्हणजे वैभवाचे उघड प्रदर्शनच होते.

परंतु यांपैकी काही खिडक्या केवळ दिखाऊ आहेत. त्यांच्या काचेमागे धुराडी दडलेली आहेत. दोन्ही बाजूंचा समतोल राखण्यासाठीच त्यांची योजना झाली. एवढ्यावरून दर्शनी भागास असत्य ठरविणारी टीका अर्ध्या वाटेवरच थांबते. कारण हाच दर्शनी भाग उभ्या दिशेने पाहिला, तर अत्यंत सत्य बोलतो. मजल्यागणिक खिडक्यांची उंची वाढत जाते आणि तिच्याबरोबर दालनांची प्रतिष्ठाही वाढते. तळमजला मुख्यतः सेवकवर्गाचा, मधला कुटुंबाच्या नित्य वापराचा, तर सर्वांत वरचा समारंभाचा. दरबारी थाटाचे भव्य दालन आणि १६० फुटांहून अधिक लांबीची दीर्घिका या वरच्याच मजल्यावर आहेत.

याहून महत्त्वाचा पुरावा खुद्द 'हॉल' या दालनाचा आहे. मध्ययुगीन गृहात धनी आणि सेवक याच दालनात एकत्र जेवीत. ते सामान्यतः दर्शनी भागाला समांतर असे व त्याच्या एका टोकाकडून प्रवेश होई. साहजिकच दरवाजा मध्यभागी येत नसे. हार्डविक येथे हे दालन काटकोनात वळवून मध्यरेषेवर आणले गेले. समतोल साधला, पण तो निव्वळ भौमितिक हट्टामुळे नव्हे. धन्याचे भोजन वरच्या मजल्यावर गेले होते. खाली उरले ते सेवकांचे दालन व येण्याजाण्याची वाट. जुना सामाजिक अर्थ क्षीण झाला होता, म्हणूनच जुनी मांडणी मोडता आली. दालनाचे महत्त्व असे घटले तरी त्याचे नाव मात्र संपूर्ण गृहाला लाभले, हा अर्थविस्तार भाषाभ्यासकाने लक्षात घेण्याजोगा आहे.

तात्पर्य, हार्डविकचा दर्शनी भाग खोल्यांचा नकाशा सांगत नाही. तो गृहातील श्रेणी सांगतो. खोट्या खिडक्या या कथनातील उणीव नसून त्याची किंमत होय. वास्तू सत्य बोलते की नाही, हे ठरविण्यापूर्वी ती कशाविषयी बोलते आहे, हे समीक्षेने निश्चित केले पाहिजे.