विल्यम ऑर्बिट : वादक-रचनाकार ते संगीतनिर्माता

इंग्लंडमधील विल्यम ऑर्बिट यांनी १९८७ पासून ‘स्ट्रेंज कार्गो’ या मुख्यतः वाद्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिका-मालिकेतून सिंथेसायझरच्या तरल, थरांवर थर रचलेल्या नादाची शैली घडविली. मॅडोनाच्या ‘रे ऑफ लाइट’च्या (१९९८) यशानंतर संगीतनिर्माता म्हणून त्यांना मोठी मागणी आली. तथापि त्यांच्या निर्मितीचे मूल्यमापन करताना एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. मॅडोनाच्या आवाजाला त्या नादाने नवा अवकाश दिला. ब्लरच्या ‘१३’मध्ये (१९९९) गिटारचा खडबडीतपणा त्यांनी पुसला नाही. ऑल सेंट्सच्या ‘प्युअर शोअर्स’मध्ये (२०००) मात्र निर्मात्याची मुद्रा गायिकांहून ठळक होते. स्वतःची शैली कोठे आवरावी, हे जाणण्यातच निर्मात्याची खरी कसोटी लागते, असे या वाटचालीवरून म्हणावे लागते.