‘चालण्याजोगे अंतर’ : एका नियमाची भाषा

शिक्षणहक्काच्या २०१० च्या केंद्रीय नियमांनी ‘नजीकची शाळा’ म्हणजे पाचवीपर्यंत १ व सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर चालण्याजोगे अंतर, अशी व्याख्या बांधली. आंबेगाव तालुक्यात डिंभे जलाशयाच्या काठी ही व्याख्या लंगडी पडते. घोड नदीवरील या धरणात जुने आंबेगावच बुडाले. पलीकडची वाडी डोळ्यांना दिसते. पायवाट मात्र पाण्याला वळसा घालून जाते, आणि नकाशावरील सरळ रेषेला तो वळसा ठाऊक नसतो. जुन्नरकडे माणिकडोहाच्या काठीही तोच प्रकार. दरड, पूर अथवा रस्त्याचा अभाव असेल तेथे मर्यादा घटविण्याची तरतूद त्याच नियमांत आहे, हे मान्य केले पाहिजे. (‘दरड’ हा शब्द किती अक्षरशः घ्यावा, हे ३० जुलै २०१४ रोजी माळीणने दाखविले.) परंतु अंतर कोणत्या ऋतूत मोजावे, याविषयी नियम मौन पाळतो.

‘गाव तेथे एस. टी.’ या घोषणेतही घोटाळा शब्दाचाच आहे. महसुली गाव एक, वाड्या अनेक. गाडी गावाशी थांबते, मूल वाडीतून निघते. मुलींच्या मोफत पासाचा प्रवासही थांब्यापासूनच सुरू होतो. शाळेच्या नोंदवहीत अंतराचा रकाना किलोमीटरांऐवजी आषाढातील चालीच्या मिनिटांनी भरला, तर ‘नजीक’ ठरलेल्या किती शाळा नजीक उरतील, हे पाहावयास हवे.