शिवराईवरील अक्षरे आणि खरेपणाचा निर्णय

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान असल्यामुळे शिवकालाशी निगडित वस्तूंविषयी तेथे विशेष आस्था असावी, हे स्वाभाविकच आहे. अशा वस्तूंत १६७४ च्या राज्याभिषेकाचे स्मारक मानला जाणारा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही दोन नाणी अग्रभागी येतात. होनाच्या पितळी प्रतिकृती आज महाराष्ट्रात सर्वत्र विकत मिळतात. प्रतिकृती म्हणून विकलेली प्रतिकृती ही फसवणूक नव्हे. परंतु तीच जुने नाणे म्हणून हाती आली की निर्णयाचा प्रश्न उपस्थित होतो. सुशिक्षित मनुष्यास अशा वेळी पहिली कसोटी सुचते ती शुद्धलेखनाची. या कसोटीचे बळ किती आणि ती कोठे फसते, याची येथे चिकित्सा करावयाची आहे.

दोन्ही नाण्यांवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असा लेख असतो. साल नाही, टांकसाळीचे नाव नाही, मूल्याचा उल्लेख नाही. म्हणजे परीक्षकाच्या हाती ही चारपाच अक्षरसमूहांची सामग्रीच काय ती येते. त्यांतील ‘पति’ हे पद तत्सम असून मूळचे ह्रस्वान्त आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अशा शब्दांचा अन्त्य इकार दीर्घ ठरविला आणि शाळांतून ‘छत्रपती’ हे रूप रुळले. यावरून असे अनुमान केले जाते की, ज्या नाण्यावर ‘छत्रपती’ असेल ते अर्वाचीन कारागिराचे काम होय. हे अनुमान अगदीच निराधार नाही. बनावट करणारा मनुष्य शाळेत शिकलेलेच लेखन करतो, आणि होनावरील पाठ ह्रस्व इकाराचा असल्यामुळे दीर्घान्त होन संशयास्पद ठरविणे योग्यच आहे.

शिवराईच्या बाबतीत मात्र हेच अनुमान साफ चुकते. शिवराई ही एका राजाच्या एका समारंभापुरती पाडलेली नव्हती. शिवाजी महाराजांच्या पश्चात त्यांच्या वारसांच्या काळात, आणि पुढे पेशवाईतही, अनेक टांकसाळींतून ती त्याच नाममुद्रेने पाडली जात राहिली. या दीर्घ परंपरेत ‘शिव’ बरोबरच ‘शीव’, ‘सिव’ आणि ‘छत्रपति’ बरोबरच ‘छत्रपती’ असे पाठ मिळतात. त्यांना केवळ कारागिराचे अज्ञान म्हणून बाजूस सारणे हे भाषेच्या अभ्यासकास शोभणारे नव्हे. त्या काळचे दैनंदिन लेखन मोडीत होत असे, आणि मोडीत ह्रस्व-दीर्घ इकाराचा भेद सामान्यतः पाळला जात नाही. एकच, दीर्घ वळणाची वेलांटी दोन्हींचे काम करते. मोडीचा सराव असलेल्या हाताने बाळबोध अक्षरे काढली तर ‘पती’ उमटणे सर्वस्वी स्वाभाविक होय. शिवाय मराठी उच्चारात शब्दाच्या अन्ती येणारा इकार दीर्घच होतो. १९६२ च्या नियमामागेही हाच उच्चार उभा आहे. तात्पर्य, अठराव्या शतकातील ठसे कोरणारा आणि विसाव्या शतकातील शाळामास्तर हे दोघे भिन्न मार्गांनी एकाच रूपापाशी पोहोचले. जे रूप दोन्ही काळांत संभवते ते त्यांपैकी एका काळाचा पुरावा कसे होणार?

या चुकीची हानी एकेरी नाही. खोटे नाणे खरे मानले तर ग्राहकाचे पैसे जातात. खरे नाणे ‘अशुद्ध’ म्हणून टाकले तर ते मोडीत जाते, वितळते आणि त्याच्याबरोबर तत्कालीन उच्चाराचा व लेखनसवयीचा एक पाठभेद कायमचा नाहीसा होतो. दुसरी हानी अधिक गंभीर आहे, कारण तिची भरपाई नाही.

मग अक्षरांकडून काय शिकावे? पाठचिकित्सेतील एक तत्त्व येथे उपयोगी पडते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने (१९१९–१९६६) हस्तलिखितांचा संबंध त्यांतील समान पाठांवरून ठरविण्याची पद्धती मराठी अभ्यासकांच्या चांगली परिचयाची करून दिली आहे. दोन पोथ्यांत तोच विशिष्ट प्रमाद असेल तर त्यांचे मूळ एक असावे. नाण्यांच्या बाबतीत या तत्त्वात एक भेद करावा लागतो. ठशातील दोष, म्हणजे तुटलेली वेलांटी किंवा अक्षरावरून गेलेली चीर, हे त्या ठशाने पाडलेल्या सर्व खऱ्या नाण्यांत समान येतात. त्यात वावगे काही नाही. परंतु चकतीवर हातोडा कोठे बसला, लेख कडेबाहेर किती गेला, कडेस फाट कोठे पडली, झीज कोठे झाली, हे प्रत्येक घावाचे आणि प्रत्येक नाण्याच्या वापराचे निरनिराळे योगायोग होत. हे योगायोग दोन नाण्यांत तंतोतंत जुळले, तर किमान एक तरी दुसऱ्यावरून, अथवा दोन्ही तिसऱ्यावरून, साच्यात ओतलेले आहे. शिवराईचा ठसा पुष्कळदा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे लेखाचा काही भाग सुटलेला असतो. सर्व अक्षरे नीटनेटकी मध्यभागी बसविलेली शिवराई पाहून संतोष मानण्यापूर्वी भिंग हाती घ्यावे हे बरे.

यंत्राने पाडलेल्या स्मारक नाण्यांचा न्याय नेमका उलट आहे. भारत सरकारने १९९९ मध्ये काढलेले शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे अकरा कडांचे व सहा ग्रॅम वजनाचे आहे. तेथे एकरूपता हेच खरेपणाचे लक्षण. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचे टिंब आणि कोलकात्याची खूण नसणे एवढाच भेद अपेक्षित असतो. या नाण्यांची सवय झालेली दृष्टी शिवराईकडे वळली की तिला विविधता म्हणजे बनावट वाटू लागते.

धातूच्या कसोटीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. होनाचे वजन साधारणतः पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असते. सोन्याची घनता १९.३ आणि पितळेची सुमारे ८.५ असल्यामुळे त्याच आकारमानाचे मुलामा दिलेले पितळी नाणे निम्म्याहूनही हलके भरते. सोनाराचा काटा येथे व्याकरणापेक्षा सरस ठरतो.

राहता राहिली नाण्याची हकिगत. ‘शेतात नांगरताना सापडले’ हे विक्रेत्याचे वाक्य पुरावा म्हणून पुढे केले जाते. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा भूमिगत ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. म्हणून बुलढाण्याच्या शेतातून निघालेला म्हणून जो होन विक्रीस येतो, त्याविषयी पहिला प्रश्न अक्षरांचा नसून जिल्हाधिकारी कार्यालयात दिलेल्या सूचनेचा असावयास हवा.