दडलेली कळ आणि अभिप्रेत वापरकर्ता : 'लेगो डिजिटल डिझायनर' या संगणकप्रणालीची चिकित्सा

बीजसंज्ञा : अंकीय वीट-रचना, डेव्हलपर मोड, अभिप्रेत वाचक, संचिकेचे स्वरूप, संगणक-साक्षरता

प्रस्तावना

साहित्यसमीक्षेत 'अभिप्रेत वाचक' ही संकल्पना आता परिचयाची झाली आहे. जर्मन समीक्षक वोल्फगांग इझर यांनी १९७० च्या दशकात तिची मांडणी केली. प्रत्येक संहिता आपल्या रचनेतूनच एका वाचकाची कल्पना करीत असते. त्याला काय ठाऊक आहे, काय सांगावयाचे आणि काय त्याच्यावर सोपवावयाचे, हे संहितेच्या घडणीतच ठरलेले असते. संगणकप्रणालीकडे संहिता म्हणून पाहिले, तर तिलाही असाच एक 'अभिप्रेत वापरकर्ता' असतो, असे म्हणता येते. पडद्यावर कोणते पर्याय दिसतात आणि कोणते दिसत नाहीत, यावरून निर्मात्याने समोरच्या माणसाला काय मानले आहे, हे कळून येते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने 'लेगो डिजिटल डिझायनर' या प्रणालीचा आणि तीत दडवून ठेवलेल्या विकसक-सुविधांचा विचार करावयाचा आहे. विषय वरकरणी खेळण्याचा वाटेल. परंतु आपल्या महाविद्यालयांत व शाळांत संगणक कसा शिकविला जातो, या प्रश्नाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

वीट आणि तिच्या शक्यता

वीट ही मराठवाड्याला नवी वस्तू नव्हे. वेरूळचे कैलास लेणे अखंड खडक वरून खाली कोरत नेऊन साकार झाले, तर धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील त्रिविक्रम मंदिर विटांनी रचले गेले. पहिल्यात नको ते काढून टाकावयाचे असते, दुसऱ्यात सारख्या मापाचे एकक पुन:पुन्हा मांडावयाचे असते. विटेच्या कलेत एकक ठरलेले असते आणि रचना मोकळी असते. लेगोच्या खेळण्याचे तत्त्वही हेच आहे. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्तियानसन यांनी १९३२ मध्ये सुरू केलेल्या या उद्योगाने २८ जानेवारी १९५८ रोजी आजच्या स्वरूपातील विटेच्या एकस्वाधिकारासाठी अर्ज केला. दोन खुंट्यांमधील अंतर ८ मिलिमीटर व विटेची उंची ९.६ मिलिमीटर, ही मापे स्थिर राहिल्यामुळे जुनी वीट नव्या विटेत आजही बसते.

या संदर्भात एक गणिती उदाहरण उद्बोधक आहे. आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा किती प्रकारे जोडता येतात, याचे उत्तर कंपनीकडून अनेक वर्षे सुमारे १० कोटी २९ लाख असे दिले जात असे. कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी या प्रश्नाचा नव्याने विचार केला, तेव्हा खरी संख्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ इतकी निघाली. जुन्या आकड्यात केवळ एकावर एक चढत जाणारे सहा मजली मनोरेच मोजले होते; एका थरावर दोन विटा शेजारी-शेजारी येऊ शकतात, ही साधी शक्यता त्यात धरलेली नव्हती. निर्मात्याला स्वतःच्या वस्तूच्या शक्यता पूर्णपणे ठाऊक असतातच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

अधिकृत पटल व त्यामागील दुसरे पटल

'लेगो डिजिटल डिझायनर' ही प्रणाली कंपनीने २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात विनामूल्य उपलब्ध करून दिली. २००५ पासून 'लेगो फॅक्टरी' या योजनेखाली पडद्यावर रचलेली प्रतिकृती मागवून तिच्या विटा घरपोच मिळविण्याची सोय झाली. पुढे 'डिझाइन बाय मी' हे नाव धारण केलेली ही सेवा २०१२ मध्ये बंद झाली. या व्यापारी पार्श्वभूमीमुळे प्रणालीच्या नेहमीच्या पटलावर विकत मिळू शकतील अशाच विटा व असेच रंग दाखविले जात. पुढील आवृत्त्यांत 'एक्स्टेंडेड' हा वेगळा विभाग आला आणि त्यात कोणतीही वीट कोणत्याही रंगात घेता येऊ लागली. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने ही शक्यता अवघड नव्हती. ती गोदामातील साठ्याच्या दृष्टीने गैरसोयीची होती.

याशिवाय आणखी एक पटल होते. प्रणालीच्या आवडीनिवडी नोंदविणारी एक साधी मजकूर-संचिका संगणकावर साठविलेली असे. तीत डेव्हलपर मोड सुरू करणारी एक ओळ लिहिली की, प्रणाली पुन्हा उघडताच निर्मात्यांच्या उपयोगाची अंतर्गत तांत्रिक माहिती पडद्यावर दिसू लागे. येथे कोणतेही कुलूप फोडावे लागत नसे, सांकेतिक शब्द शोधावा लागत नसे. कळ होती, ती कुठे आहे हे तेवढे सांगितलेले नव्हते. याच धर्तीवर विटांचे सर्व आकार ज्या एका बंदिस्त संचिकेत साठविलेले होते, ती उलगडण्याचे मार्ग हौशी रचनाकारांनी शोधून काढले. त्या आकारांच्या आधारे वास्तवदर्शी चित्रे तयार करणारी साधने त्यांनी घडविली आणि अधिकृत अद्ययावतीकरण थांबल्यानंतर नव्या विटांची भर स्वतःच घातली.

या तपशिलांतून प्रणालीचे दोन अभिप्रेत वापरकर्ते समोर येतात. एक ग्राहक-बालक : त्याला विटा दाखवावयाच्या, सुबक चित्र दाखवावयाचे आणि आत काय चालले आहे याचा त्रास होऊ द्यावयाचा नाही. दुसरा विकसक : त्याला प्रणाली कशी चालते हे पाहावयाचे असते. दोघांच्या हाती प्रणाली एकच आहे. त्यांच्यातील सीमारेषा कौशल्याने आखलेली नसून एका ओळीच्या माहितीने आखलेली आहे. ज्ञानव्यवहारात अशा सीमारेषा आपल्या समाजाने फार पाहिल्या आहेत. ग्रंथ असतो, वाचण्याची क्षमता असते, पण तो कोणत्या फडताळात आहे हे सांगितले जात नाही. त्यामुळे या दडवणुकीला केवळ नीटनेटकेपणा म्हणून सोडून देता येत नाही.

बंधनाची बाजू

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. बंधन हे निर्मितीला पोषक असते, असे मराठी काव्यपरंपरा सांगते. ओवी, अभंग, वृत्त यांच्या चौकटीतच उत्तम काव्य झाले. मग मोजक्या विटांची चौकट मुलाला अधिक कल्पक करणार नाही काय? शिवाय सर्व विटा सर्व रंगांत खुल्या झाल्या, की पडद्यावर अशा वस्तू उभ्या राहतात की ज्या प्रत्यक्षात बांधताच येत नाहीत. कारण त्या रंगाची ती वीट कधी तयारच झालेली नसते.

आक्षेपातील तथ्य मान्य करूनही एक भेद करावा लागतो. वृत्ताचे बंधन कवीला व रसिकाला सारखेच ठाऊक असते. ते उघड असते आणि मोडले तर मोडले हे दोघांनाही कळते. दोन विटा एकाच जागी राहू शकत नाहीत, खुंटी पोकळीतच बसली पाहिजे, हे बंधन याच जातीचे आहे. ते माध्यमाच्या स्वभावातून आलेले आहे. अमुक वीट निळ्या रंगात दिसणारच नाही, हे बंधन मात्र विक्रीच्या व्यवस्थेतून आलेले आहे. नेहमीच्या पटलावर या दोन्ही प्रकारची बंधने एकाच चेहऱ्याने समोर येतात आणि शिकणाऱ्याला दुकानाचा नियम हा निसर्गनियम वाटू लागतो. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या मुलाला माती ओली असली तर बुरूज ढासळतो हे समजते. मातीने घातलेली अट आणि वडीलधाऱ्यांनी घातलेली अट यांत त्याची गल्लत होत नाही. पडद्यावर ही गल्लत सहज होते.

कंपनीची भूमिका एकसुरी नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. 'लेगो फॅक्टरी'त विटा ठरावीक पिशव्यांतून मिळत आणि थोड्या विटांसाठी आख्खी पिशवी घ्यावी लागे. हौशी मंडळींनी कोणत्या पिशवीत काय असते याचा छडा लावून खर्च कमी करण्याची युक्ती काढली, तेव्हा कंपनीने तिचे स्वागत केले. १९९८ मध्ये आलेल्या 'माइंडस्टॉर्म्स' या यंत्रमानव-संचाच्या बाबतीतही आतील आज्ञावली उलगडणाऱ्यांना विरोध न करता अखेरीस तशी मुभा देण्यात आली. या संचाचे नाव सेमूर पेपर्ट यांच्या १९८० मधील ग्रंथावरून घेतले होते. मुलाने संगणकाला शिकवावे, संगणकाने मुलाला चालवू नये, हा पेपर्ट यांचा आग्रह होता. कंपनीने नाव घेतले. त्या नावामागील विचार तिला वापरकर्त्यांकडून पुन्हा शिकावा लागला.

उघडणे आणि उघडे असणे

तरीही दडलेली कळ सापडणे म्हणजे स्वातंत्र्य मिळणे, असे समीकरण मांडता येणार नाही. याची कसोटी प्रणालीच्या अखेरीच्या काळात लागली. २०१६ मध्ये या प्रणालीचा पुढील विकास थांबत असल्याचे जाहीर झाले. २०१९ मध्ये कंपनीने 'ब्रिकलिंक' हा विटांच्या खरेदी-विक्रीचा मंच विकत घेतला आणि त्याची 'स्टुडिओ' ही प्रणाली पुढे आणली. २०२२ मध्ये जुनी प्रणाली अधिकृतपणे निवृत्त करण्यात आली. डेव्हलपर मोड ज्याला उघडता येत होता, त्यालाही हा निर्णय बदलता आला नाही.

याच्या शेजारी 'एल्ड्रॉ' ठेवून पाहावे. ऑस्ट्रेलियातील जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये ही पद्धती निर्माण केली आणि १९९७ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. निर्माता गेल्यावरही पद्धती टिकली, कारण तिची संचिका कोणालाही वाचता येईल अशा साध्या मजकुराची आहे. एका विटेसाठी एक ओळ : प्रारंभी प्रकार दर्शविणारा अंक, मग रंगाचा क्रमांक, मग स्थानाचे तीन आकडे, फिरविण्याचे नऊ आकडे आणि शेवटी विटेच्या संचिकेचे नाव. विटेची उंची २४ एकके, पातळ पट्टीची ८ एकके, दोन खुंट्यांमधील अंतर २० एकके. एवढे ठाऊक असलेला विद्यार्थी कोणत्याही खास प्रणालीवाचून, वहीवर गणित करून भिंत लिहू शकतो. येथे दडवलेली सुविधा अशी काही उरतच नाही. अभिप्रेत वापरकर्ता आणि निर्माता ही एकच व्यक्ती असू शकते.

'डिजिटल डिझायनर'च्या संचिकाही पूर्णतः अभेद्य नव्हत्या, हे त्या प्रणालीचे सुदैव. ती संचिका वस्तुतः झिप पद्धतीचे गाठोडे असून आत एक एक्सएमएल मजकूर व एक छोटे चित्र असते. त्यामुळेच मूळ प्रणाली निवृत्त झाल्यावरही त्या रचना अन्य प्रणालींत उघडता येतात. म्हणजे जे टिकले ते दडलेल्या कळीमुळे टिकले नाही, संचिकेचे स्वरूप वाचता येण्याजोगे होते म्हणून टिकले.

आपल्या अध्यापनाच्या संदर्भात

महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाद्वारे लक्षावधी व्यक्तींना संगणकाची ओळख झाली. ग्रामीण व निमशहरी भागासाठी हे कार्य मोलाचेच आहे. परंतु संगणक-साक्षरतेची आपली एकूण कल्पना बव्हंशी 'कोणता पर्याय कोठे आहे' या प्रश्नाभोवती घोटाळत राहिली. पटल बदलले की असे ज्ञान निरुपयोगी ठरते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनखाली शाळांना प्रयोगशाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्या प्रयोगशाळांत जोडणीचे संच येतात, त्यांच्या प्रणाली येतात. पण उपकरण बंद पडल्यावर किंवा प्रणाली निवृत्त झाल्यावर मुलांनी केलेले काम कोणत्या स्वरूपात उरेल, हा प्रश्न खरेदीच्या वेळी क्वचितच विचारला जातो. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरातील महाविद्यालयाला असा संच दर तीन-चार वर्षांनी नव्याने घेणे परवडत नाही. म्हणून हा प्रश्न आपल्यासाठी अधिक निकडीचा आहे.

कायद्याच्या भीतीने अध्यापकांनी मागे राहण्याचे कारण नाही. भारतीय स्वामित्व हक्क कायदा, १९५७ यातील कलम ५२ नुसार, रीतसर मिळालेली प्रणाली तिच्या मूळ कामासाठी वापरत असताना तिच्या कार्यपद्धतीचे निरीक्षण, अभ्यास व चाचणी करून तिच्यामागील कल्पना व तत्त्वे जाणून घेणे, हा हक्कभंग ठरत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तांत्रिक संरक्षण भेदण्याविषयी कलम ६५-अ आले. परंतु स्वतःच्या संगणकावरील आवडीनिवडींची मजकूर-संचिका उघडून वाचणे ही त्याहून फार वेगळी गोष्ट आहे.

समारोप

'लेगो डिजिटल डिझायनर' ही आपल्या काळातील एक गुणवान निर्मिती होती. तिने असंख्य हातांना विटा न विकत घेता रचनेचा आनंद दिला. तिची मर्यादा ही की, तिने आपल्या वापरकर्त्याला जिज्ञासू मानण्यास संकोच केला. ज्यांनी दडलेली ओळ लिहिली त्यांनी हा संकोच उघड केला. पण त्यांचे स्वातंत्र्य निर्मात्याच्या मर्जीवरच अवलंबून राहिले. म्हणून अध्यापकाच्या दृष्टीने दोन अपेक्षा ठेवणे उचित होईल. एक, कोणतीही शैक्षणिक प्रणाली निवडताना तीत केलेले काम वाचनीय व खुल्या स्वरूपात बाहेर काढता येते किंवा नाही, हे आधी पाहावे. दोन, वर्षातून किमान एका तासिकेला विद्यार्थ्यांना स्वतःची एखादी संचिका साध्या मजकूर-संपादकात उघडण्यास सांगून, त्यातील एक आकडा बदलून पडद्यावर काय बदलते हे पाहू द्यावे. या प्रयोगाला अनुदान लागत नाही. एक जुना संगणक आणि विद्यार्थ्याच्या चुकांना पुरेल एवढा वेळ असला म्हणजे तो कोणत्याही महाविद्यालयात करता येतो.